कोणाचे ‘आपण’? युरोपीय संघ आणि एका सर्वनामाचा प्रश्न

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद कोणाला शिकवावा लागत नाही. ‘आम्ही जेवायला निघालो’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याने घरीच थांबायचे असते. ‘आपण जेवायला निघू’ म्हटले की त्याने पायांत चपला सरकवायच्या असतात. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे आणि आत घेणारे अशी प्रथमपुरुषी अनेकवचनाची ही दोन रूपे मराठीला द्राविडी शेजारामुळे मिळाली, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला सामावून घेण्याची या शब्दाची तयारी इतकी, की प्रसंगी तो सगळाच्या सगळा त्याच्या स्वाधीन होतो. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषांत ही सोय नाही. तेथे एकच सर्वनाम दोन्ही कामे उरकते, आणि बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला धरले आहे की वगळले आहे, हे संदर्भावरून ताडावे लागते.

आमचे म्हणणे असे, की युरोपीय संघाच्या राजकारणाचे मुख्य दुखणे याच संदिग्धतेच्या आडोशाने वाढले आहे. संघ बोलतो ‘आपण’च्या भाषेत आणि निर्णय घेतो ‘आम्ही’च्या बैठकीत. व्याकरणातल्या एका उणिवेमुळे सत्तावीस राष्ट्रांचा संसार विसकटला, असे सुचवण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. मराठीत हा भेद असूनही ‘आपण’ म्हणत ‘आम्ही’चा कारभार हाकणारे आपल्याकडे थोडे नाहीत. पण रोग ओळखण्यासाठी हे सर्वनाम फार उपयोगी पडते, आणि साहित्याच्या अभ्यासकाने राजकारणाकडे आपली हत्यारे घेऊनच जावे.

आपल्या साहित्यव्यवहारात युरोपीय संघाविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मताप्रमाणे संघ हे राष्ट्रवादोत्तर मानवतेचे पहिले पाऊल आहे: दोन महायुद्धांतून शहाण्या झालेल्या राष्ट्रांनी आपापले अहंकार गुंडाळून ठेवले आणि सर्वांना सामावणारी नवी अस्मिता घडवली. दुसऱ्या मताप्रमाणे हा सारा आवळ्याच्या मोटेचा प्रकार. भाषा, धर्म, रक्त हेच खरे. २०१६ साली ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि मोट सुटू लागली. पहिले मत आमच्या प्राध्यापकवर्गाला विशेष प्रिय आहे, दुसरे मत त्याच वर्गातल्या देशीवादाच्या उत्साही अनुयायांना. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोन्हींच्या चुकीचे मूळ एकच आहे: अस्मिता ही आधी तयार होते आणि धोरण नंतर तिच्यातून निघते, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वस्तुतः संघाच्या बाबतीत क्रम उलटा आहे. जेथे धोरण सर्वांसमोर, सर्वांना कळेल अशा रीतीने ठरले, तेथे ‘आपण’ निर्माण झाले; जेथे ते बंद दाराआड ठरले, तेथे सत्तावीस ‘आम्ही’ शिल्लक राहिले.

प्रथम अस्मितेच्या अधिकृत सामग्रीकडे पाहू. संघाचे गीत म्हणजे बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या अखेरच्या भागातील सुरावट. ती १९७२ साली युरोप परिषदेने आणि १९८५ साली तत्कालीन युरोपीय समुदायाच्या नेत्यांनी स्वीकारली. बीथोव्हेनने तेथे शिलरची कविता योजली होती. अधिकृत गीतात मात्र शब्दच नाहीत. जर्मन शब्द ठेवले तर इतरांचे काय, हा प्रश्न सोडवण्याऐवजी शब्दच काढून टाकले गेले. २००२ साली हातात आलेल्या युरोच्या नोटा पाहा. ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी त्यांवर खिडक्या, प्रवेशद्वारे आणि पूल काढले. पण ते जाणूनबुजून कोठेच नसलेले. खरा पूल काढला तर तो एका कोणत्या तरी देशाचा ठरणार आणि दुसऱ्याचे तोंड वाकडे होणार. पुढे नेदरलँड्समधील स्पाइकेनिसे या गावाने गंमत म्हणून नोटांवरचे ते पूल प्रत्यक्षात बांधूनच टाकले. जे कोणाचेच नव्हते ते अशा रीतीने एका डच गावाचे झाले.

या प्रकाराला हसणे सोपे आहे. ज्या खंडाने एकमेकांची शहरे बेचिराख केली, त्याने नोटेवरच्या पुलावरून भांडण नको म्हणणे हे शहाणपणाचेच होते, हे आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. वादग्रस्त ते ते सर्व वगळून जे उरते त्याला सर्वसमावेशक म्हणण्याची सवय येथून लागली. सर्वांना सामावणे आणि कोणालाच न दुखावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी संवाद लागतो, दुसरीसाठी खोडरबर पुरते. युरोपीय मध्यवर्ती बँकेला अखेर हे उमगले असावे. नव्या नोटांसाठी तिने २०२५ साली जी चित्रसूत्रे निवडली त्यांत सर्व्हान्टिस, मेरी क्यूरी, मारिया कॅलस अशी खरीखुरी माणसे आहेत. नद्या आणि पक्षी हा दुसरा पर्यायही तिने हाती ठेवला आहे, ही गोष्ट वेगळी. पक्ष्यांना पारपत्र लागत नाही.

रिकाम्या जागी कोणीतरी काहीतरी भरतोच. ऑस्ट्रियन कादंबरीकार रॉबर्ट मेनासे यांच्या ब्रसेल्सवरील कादंबरीला २०१७ साली जर्मन पुस्तक पारितोषिक मिळाले. याच मेनासे यांनी आपल्या लेखांतून आणि भाषणांतून वाल्टर हालस्टाइन या आयोगाच्या पहिल्या अध्यक्षांच्या तोंडी राष्ट्रे नाहीशी करण्याविषयीची वाक्ये घातली; त्यांनी ऑशवित्झ येथे भाषण केल्याचेही सांगितले. ती वाक्ये त्या शब्दांत कोठेच सापडत नाहीत आणि ते भाषण झालेले नाही, हे इतिहासकारांनी व पत्रकारांनी दाखवून दिल्यावर मेनासे यांना २०१९ च्या प्रारंभी चूक मान्य करावी लागली. कादंबरीत कल्पिताला मुभा असते, अवतरणचिन्हांत नसते. पण आम्हांला या प्रकरणात लेखकाच्या नीतीपेक्षा त्याची गरज अधिक बोलकी वाटते. ज्या संघाच्या गीतालाच शब्द नाहीत, त्याच्या उत्साही भक्ताला संस्थापकांचे शब्द बनवावे लागले. संघाचे शत्रूही तेच करतात, फक्त अधिक बेमुर्वतपणे.

आता धोरणाकडे वळू. २००४ साली रोम येथे संघाच्या राज्यघटनेच्या तहावर सह्या झाल्या. स्पेन आणि लक्झेंबर्ग यांच्या मतदारांनी तो तह मान्य केला, पण मे २००५ मध्ये फ्रान्सच्या सुमारे ५५ टक्के आणि जूनमध्ये नेदरलँड्सच्या सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो फेटाळला. हे दोन्ही संघाचे संस्थापक देश. पुढे काय झाले? ‘राज्यघटना’ हा शब्द, ध्वज आणि गीत यांचे उल्लेख वगळून बहुतांश आशय लिस्बनच्या तहात आणला गेला. २००७ साली सह्या झाल्या, आणि आयर्लंड सोडून सर्वत्र संसदांनीच तो मंजूर केला. आयर्लंडच्या घटनेनुसार लोकांना विचारणे भाग होते. जून २००८ मध्ये त्यांनी ‘नाही’ म्हटले. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांना पुन्हा विचारले आणि ६७ टक्क्यांनी ‘हो’ म्हटले. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की मधल्या काळात आयर्लंडला तटस्थता, कर आणि आयोगातील प्रतिनिधित्व यांविषयी हमी दिली गेली. दुसरा कौल हा निव्वळ दमदाटीचा परिणाम नव्हता. परंतु फ्रेंच आणि डच मतदारांना मिळालेले उत्तर ध्यानात घ्या. त्यांनी ज्याला नकार दिला त्यातली चिन्हे तेवढी काढली गेली आणि अधिकारांची मांडणी बव्हंशी राहिली. जणू त्यांचे भांडण ध्वजाशी होते! अस्मिता ही शोभेची वस्तू आणि धोरण हा जाणकारांचा प्रांत, ही समजूत इतक्या उघडपणे क्वचितच प्रकट झाली असेल.

सहा वर्षांनी ग्रीसची पाळी आली. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते; ग्रीसच्या राज्यकर्त्यांनी तेही सोंग काही काळ आणले आणि तुटीचे खोटे आकडे दिले, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. ५ जुलै २०१५ रोजी ग्रीक मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी ६१ टक्के मतांनी नाकारल्या. १३ जुलैला त्यांच्याच सरकारने, अनेक बाबतीत अधिक कठोर अशा अटी स्वीकारल्या. ‘लोकशाहीचा खून’ अशी आरोळी तेव्हा आपल्याकडेही उठली. आम्ही तीत सामील होणार नाही, कारण ती अर्धसत्य आहे. युरो वापरणाऱ्या उरलेल्या अठरा देशांतही मतदार होते, त्यांचीही निवडून आलेली सरकारे होती. स्लोव्हाकियातल्या निवृत्तिवेतनधारकाने ग्रीसच्या कर्जाची हमी का घ्यावी, हा प्रश्न नीच नव्हता. एका ‘आम्ही’विरुद्ध अठरा ‘आम्ही’ असा तो सामना होता आणि प्रत्येक ‘आम्ही’पाशी आपापला कौल होता.

नव्हते ते ‘आपण’चे सभागृह. निर्णय झाला तो प्रथम युरोगटात, म्हणजे अर्थमंत्र्यांच्या अशा मंडळात, ज्याच्या बैठका अनौपचारिक असतील असे खुद्द लिस्बनच्या तहाला जोडलेल्या मसुद्यात लिहिले आहे, आणि नंतर रात्रभर चाललेल्या नेत्यांच्या शिखर बैठकीत. कोट्यवधी लोकांच्या वेतनाचा, औषधपाण्याचा आणि पेन्शनीचा निवाडा जेथे झाला, तेथे कोण काय बोलले याची अधिकृत नोंद नागरिकाच्या हाती पडली नाही. ग्रीक नागरिकाला जर्मन मंत्र्याचा युक्तिवाद ऐकायला मिळाला नाही, जर्मन नागरिकाला ग्रीक मंत्र्याचा. प्रत्येकाला आपापल्या देशातल्या वृत्तपत्रांनी दिलेला सारांश मिळाला: एकीकडे आळशी ग्रीक, दुसरीकडे निर्दय जर्मन. ज्यांना आपण राष्ट्रीय पूर्वग्रह म्हणतो, त्यांचे हे पुनरुज्जीवन आदिम रक्तातून झाले नाही. ते बैठकीच्या बंद दाराने घडवले.

हीच गोष्ट निर्वासितांच्या प्रश्नात अधिक भेसूर रूपाने दिसते. सप्टेंबर २०१५ मध्ये १,२०,००० आश्रयार्थींची देशांमध्ये वाटणी करण्याचा निर्णय बहुमताने झाला; हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक प्रजासत्ताक आणि रोमेनिया यांनी विरोधात मत दिले. आधीच्या ठरावासह लक्ष्य १,६०,००० चे होते. प्रत्यक्षात पस्तीस हजारांच्या आसपास लोक हलवले गेले. आम्ही आश्रय देण्याच्या बाजूचे आहोत, हे निःसंदिग्धपणे सांगतो. पण योग्य निर्णयसुद्धा ‘आम्ही ठरवले, तुम्ही पाळा’ या रूपात आला की विरोधकाच्या हाती आयते कोलीत पडते. हंगेरीच्या सरकारने ते उचलले, साप साप म्हणून भुई धोपटली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सार्वमत घेतले. वैध मतांपैकी सुमारे ९८ टक्के सरकारच्या बाजूने पडली, पण मतदान निम्म्याहून कमी झाल्याने ते सार्वमत अवैध ठरले. म्हणजे ज्या ‘आम्हां हंगेरियनां’च्या नावाने हा गजर चालला होता, त्यांतले निम्म्याहून अधिक लोक घरीच बसले किंवा त्यांनी मतपत्रिका बाद केली. राष्ट्रीय ‘आम्ही’सुद्धा किती पोकळ असू शकते, हे देशीवादाच्या अनुयायांनी येथे पाहावे.

आणि राष्ट्रवादोत्तर मताच्या चाहत्यांनी २०१९ कडे पाहावे. त्या वर्षी आयोगाच्या नव्या अध्यक्षांनी एका उपाध्यक्षाकडे ‘आपल्या युरोपीय जीवनपद्धतीचे रक्षण’ असे खाते सोपवले आणि स्थलांतराचा विषय त्या खात्यात घातला. रक्षण कोणापासून, हे सांगण्याची गरजच उरली नाही. ओरड झाली तेव्हा ‘रक्षण’ काढून ‘संवर्धन’ असे क्रियावाचक नाम घातले गेले. खाते तेच, विषय तेच. सर्वांनी क्रियेवर वाद घातला. सर्वनामाकडे कोणी फारसे पाहिले नाही. आम्ही वर ‘आपल्या’ असे भाषांतर केले, पण ते बरोबर आहे काय? मार्सेयमध्ये जन्मलेली, अरबी नाव असलेली मुलगी त्या शब्दाच्या आत आहे की बाहेर? ती आत असेल तर ‘आपल्या’. बाहेर असेल तर ‘आमच्या’. मराठी अनुवादकाला येथे निवड करावीच लागते, आणि निवड करताना मूळ मजकुराने काय लपवले ते उघडे पडते. २०२४ च्या मे महिन्यात स्वीकारलेल्या आश्रयविषयक कायद्यांनी ‘एकजूट’ सक्तीची केली, पण तिचे प्रकार ऐच्छिक ठेवले: माणसे घ्या, नाहीतर पैसे द्या, नाहीतर अन्य मदत द्या. तडजोड म्हणून हे समजण्यासारखे आहे. त्याला एकजूट म्हणण्याचे धाडस मात्र खोडरबरवाल्यांचेच.

इतके वाचून कोणी म्हणेल, की मग दुसरेच मत खरे. ‘आपण’ अशी काही वस्तू तेथे नाहीच. येथेच आमचा मतभेद आहे. ती वस्तू आहे, आणि ती भाषेच्या व्यवहारात आहे. रोमच्या तहानंतर १९५८ साली त्या समुदायाने केलेले पहिले विनियमन शेतीविषयी नव्हते, कोळशाविषयी नव्हते. ते भाषांविषयी होते. तेव्हा भाषा चार होत्या. आज चोवीस आहेत. नागरिकाने यांपैकी ज्या भाषेत संघाच्या संस्थांना लिहावे त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क त्याला तहाने दिला आहे. जेमतेम साडेपाच-पावणेसहा लाख लोकसंख्येच्या माल्टाची भाषा कागदोपत्री जर्मनच्या बरोबरीने पंक्तीला बसते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की कायद्याचे चोवीसही पाठ सारखेच अधिकृत असतात. अर्थ लावताना निरनिराळ्या भाषांतील पाठ ताडून पाहिले पाहिजेत, असे संघाच्या न्यायालयाने १९८२ सालच्या एका प्रसिद्ध निकालात सांगितले. ज्याला मूळ संहिताच नाही आणि प्रत्येक भाषांतर हेच मूळ आहे, असा हा ग्रंथ आहे. तौलनिक साहित्याच्या वर्गात संहितेच्या अस्थिरतेवर तासन्तास बोलणाऱ्यांनी या वास्तवाकडे ढुंकूनही पाहू नये, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

आणि हे सारे किती खर्चात? भाषाविषयक खर्च संघाच्या अर्थसंकल्पाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. मिलान कुंदेरा यांनी १९८३ सालच्या आपल्या निबंधात छोट्या राष्ट्रांच्या अस्तित्वाची टांगती अवस्था वर्णिली होती. त्या राष्ट्रांना ब्रसेल्सने दिलेले खरे आश्वासन ध्वजात नाही; एस्टोनियन शेतकऱ्याला नियम एस्टोनियनमध्ये वाचता येतो, यात ते आहे. तेथे त्याला धरलेले आहे. तेथे ‘आपण’ हा शब्द व्याकरणशुद्ध आहे.

पण येथेही पंक्तिप्रपंच आहेच. आयर्लंड १९७३ साली सदस्य झाला, आयरिशला अधिकृत दर्जा २००७ साली मिळाला आणि सर्व कागदपत्रांच्या भाषांतराची सवलत संपली ती २०२२ च्या १ जानेवारीला. कॅटलान बोलणारे लोक आयरिश रोज बोलणाऱ्यांच्या कैक पटींनी अधिक. तरी स्पेनने २०२३ साली केलेली मागणी २०२५ अखेरपर्यंत मान्य झाली नव्हती, कारण त्यासाठी सर्व राष्ट्रांचे एकमत लागते आणि प्रत्येक राजधानीला आपल्या पोटातली दुसरी भाषा आठवते. तुर्की ही सायप्रसची अधिकृत भाषा आहे, संघाची नाही. संघ भाषांचा मान राखतो तो राज्यांच्या हातून. ज्या भाषेला राज्य नाही तिने दारात उभे राहावे.

त्याहून गंभीर गोष्ट मसुद्याची. कायदा चोवीस भाषांत प्रसिद्ध होतो खरा, पण घडतो बहुधा एकाच भाषेत, आणि ती इंग्रजी. ज्या देशाची ती मुख्य भाषा, तो २०२० साली निघून गेला. आयोग, संसद आणि मंत्रिपरिषद यांच्या त्रिपक्षीय बैठकांत चार रकान्यांचा एक तक्ता फिरतो. पहिल्या तीन रकान्यांत तिन्ही संस्थांची मते, चौथ्यात तडजोडीचा मजकूर. कायदा त्या चौथ्या रकान्यात जन्मतो. तो रकाना नागरिकाला पाहू देण्यास संसद तयार नव्हती. २०१८ साली संघाच्या सामान्य न्यायालयाने तिला चूक ठरवले, तरी मागितल्यावाचून आणि इंग्रजीवाचून तो हाती पडणे आजही सोपे नाही. लिथुआनियन वाचकाला आपल्या भाषेत निकाल मिळतो, वाद मिळत नाही. आमच्या मते संघाचे भवितव्य या एका फरकात आहे. निकाल भाषांतरित करून प्रजा मिळते. वाद भाषांतरित केला तर नागरिक मिळतात.

म्हणून आमची मागणी अस्मितेच्या नव्या चिन्हांची नाही. गीताला शब्द नसले तरी चालतील. चौथा रकाना वेळेवर आणि चोवीस भाषांत खुला करा. युरोगटाच्या बैठकीत कोण काय म्हणाले याची नोंद ठेवा आणि ती प्रसिद्ध करा. निवडणुकीत ज्यांना अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून लोकांसमोर नेले त्यांना बाजूला सारून, २०१९ साली केले तसे, भलतेच नाव पुढे आणू नका. १९७९ च्या पहिल्या थेट निवडणुकीत ६२ टक्के लोकांनी मतदान केले होते, २०१४ मध्ये ते ४३ टक्क्यांपर्यंत खाली आले. २०१९ आणि २०२४ मध्ये ते पुन्हा निम्म्यावर गेले. लोकांना युरोपविषयी आस्था नाही, असे हे आकडे सांगत नाहीत. आपले मत कोठे जाते हे दिसले तर लोक येतात, एवढे ते सुचवतात.

साहित्याच्या शिक्षकांनी या रुक्ष तपशिलात का शिरावे? कारण आपणही एका अशा संघराज्यात राहतो, जेथे संविधानाच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत आणि अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. सांगली-सोलापूरच्या पक्षकाराला आपल्याच दाव्यातला युक्तिवाद वकिलाच्या तोंडून सारांशाने कळतो. ग्रीक नागरिकाची आणि त्याची जात एकच. भाषेच्या गौरवाचे सोहळे आपण मन लावून साजरे करतो, आणि वाद कोणत्या भाषेत चालतो हा प्रश्न मात्र तांत्रिक म्हणून बाजूला ठेवतो. युरोपला खोडरबराची सवय लागली, आपल्याला आरतीची. परिणाम फारसा वेगळा नाही.

ज्यांना युरोपीय संघ आदर्श वाटतो त्यांनी त्याच्या ध्वजापेक्षा त्याच्या अनुवादकांच्या कार्यालयांचा अभ्यास करावा. ज्यांना तो फसलेला प्रयोग वाटतो त्यांनी, एस्टोनियनमध्ये कायदा वाचणाऱ्या शेतकऱ्याला परत कोणत्या साम्राज्याच्या भाषेत पाठवायचे, ते सांगावे. ‘आपण’ हे सर्वनाम वारशाने मिळत नाही आणि ठरावानेही मिळत नाही. समोरच्याला आपला युक्तिवाद कळेल अशा भाषेत ऐकवावा लागतो, त्याचा ऐकून घ्यावा लागतो, आणि ऐकल्यावर आपले मत बदलण्याची तयारी ठेवावी लागते. त्याआधी जो कोणी ‘आपण’ म्हणतो, तो ‘आम्ही’च म्हणत असतो.